केकवरची मलई : दुधाची किती, टिकाऊ किती?

वाढदिवस असो, परीक्षेतील यश असो किंवा कार्यालयातील निरोप समारंभ, केक कापल्याखेरीज आज कोणताही सोहळा पुरा होत नाही. मात्र केकवर जो पांढरा, मऊ थर असतो आणि ज्याला सर्रास 'क्रीम' किंवा 'आयसिंग' म्हटले जाते, तो नेमका कशाचा आहे याची चौकशी फारच थोडे ग्राहक करतात. हा थर लोण्याचा असू शकतो, दुधाच्या मलईचा असू शकतो, चीजचा असू शकतो किंवा त्यात मलईचा अंशही नसून तो वनस्पतिजन्य तेलापासून बनवलेला असू शकतो. दिसायला हे सारे प्रकार जवळपास सारखेच. टिकण्याच्या बाबतीत मात्र त्यांच्यात काही तासांपासून काही दिवसांपर्यंतचा फरक पडतो. म्हणूनच 'केक फ्रीजमध्ये ठेवावा की बाहेर?' या नेहमीच्या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. त्या थरात दुधाचा कोणता घटक आहे आणि त्यासोबत पाणी किती आहे, यावर ते उत्तर अवलंबून असते.

मावा केक ते क्रीम केक

मुंबईकरांच्या जिभेवर केकची चव रुळली ती प्रामुख्याने इराणी उपाहारगृहे आणि बेकऱ्यांमुळे. ग्रँट रोड स्थानकाजवळ १९१४ साली सुरू झालेल्या बी. मेरवानचा मावा केक हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. या केकमध्ये दूध होते, पण ते आटवून, मावा करून, पिठात मिसळून भट्टीत भाजलेले. त्यावर कसलाही ओला थर नसे. त्यामुळे काचेच्या बरणीत किंवा कागदात गुंडाळून ठेवला तरी तो लगेच खराब होत नसे. घरोघरी आणि दुकानोदुकानी फ्रीज आल्यानंतर मलईने मढवलेल्या केकचा प्रसार झाला. दुधाचा घटक भट्टीतून बाहेर येऊन केकच्या पाठीवर बसला आणि साठवणुकीचा प्रश्न तेथूनच सुरू झाला. भाजलेला स्पंज एक-दोन दिवस बाहेर राहू शकतो; त्यावरची मलई राहू शकत नाही.

पाणी आणि साखरेचा हिशेब

मराठी घरातील कोणत्याही गृहिणीला हे तत्त्व अनुभवाने ठाऊक असते. दूध तापवले नाही तर काही तासांत नासते, साय फ्रीजमध्ये चार दिवस राहते, लोणी त्याहून अधिक टिकते आणि कढवलेले तूप महिनोन्‌महिने फडताळात राहते. दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते, मान्यताप्राप्त लोण्यात ते १६ टक्क्यांपेक्षा जास्त असून चालत नाही आणि तुपात ते जवळपास नसतेच. जिवाणूंना वाढण्यासाठी मोकळे पाणी लागते. ते जितके कमी, तितका पदार्थ टिकाऊ.

दुसरा रक्षक म्हणजे साखर. ती पाण्याला धरून ठेवते आणि जिवाणूंना मिळू देत नाही. पाक, मुरंबा, गुलकंद हे याच तत्त्वावर वर्षभर टिकतात. सर्वसाधारण तापमानाला १ ग्रॅम पाण्यात सुमारे २ ग्रॅम साखर विरघळते. पाण्याच्या दुपटीपेक्षा अधिक साखर असेल, तर ते पाणी साखरेने पूर्ण संपृक्त होते आणि अन्नातून विषबाधा घडवणाऱ्या बहुतेक जिवाणूंची वाढ तेथे थांबते किंवा अतिशय मंदावते. केकवरील आयसिंगचे आयुष्य ठरवताना हाच हिशेब मांडावा लागतो.

लोण्याचे आयसिंग

बटरक्रीमचा सर्वात सोपा प्रकार म्हणजे एक भाग लोणी, दोन भाग पिठीसाखर आणि सैलपणासाठी चमचाभर दूध. २५० ग्रॅम लोण्यात जास्तीत जास्त ४० ग्रॅम पाणी असते. दोन मोठे चमचे दूध घातले तर आणखी सुमारे २६ ग्रॅम. म्हणजे एकूण ६६ ग्रॅम पाण्यासाठी ५०० ग्रॅम साखर. हे पाणी साखरेने पूर्णपणे बांधलेले असते. म्हणून थंड हवेत असे आयसिंग एक-दोन दिवस बाहेर राहिले तरी सहसा बिघडत नाही.

परंतु लोण्याचेच दुसरे आयसिंग पाहिले तर चित्र उलटे दिसते. कमी गोड चवीसाठी काही जण पाव लिटर दूध मैद्यासह शिजवून घट्ट करतात आणि ते थंड झाल्यावर सव्वादोनशे ग्रॅम लोणी व २०० ग्रॅम साखरेत फेटतात. यात पाणी अडीचशे ग्रॅमच्या घरात आणि साखर त्याहून कमी. घटक तेच, दूध, लोणी आणि साखर. पण हे आयसिंग जिवाणूंच्या दृष्टीने खिरीसारखेच आहे आणि ते फ्रीजमध्येच ठेवायला हवे. लोणी आणि डब्यातील कंडेन्स्ड मिल्क समभाग फेटून केलेल्या आयसिंगलाही हेच लागू आहे. कंडेन्स्ड मिल्कचा बंद डबा महिनोन्‌महिने टिकतो म्हणून त्याचे आयसिंगही टिकेल, हा समज चुकीचा आहे. डबा टिकतो तो साखरेबरोबरच हवाबंद अवस्थेमुळे. उघडल्यावर आणि फेटताना त्यात हवा, भांडी आणि हात यांचा संपर्क येतो.

आपल्या हवेत लोण्याच्या आयसिंगची खरी अडचण जिवाणूंपूर्वी उष्णता ही असते. दुधातील स्निग्धांश २५ अंश सेल्सिअसच्या पुढे झपाट्याने मऊ पडू लागतो आणि ३५ अंशांच्या आसपास जवळपास पूर्ण वितळतो. युरोप-अमेरिकेतील पाककृतींत 'बाहेर ठेवावे' असे लिहिलेले असते ते तेथील २० अंशांच्या खोलीसाठी. कोकणपट्टीतील एप्रिल-मे महिन्यांत तो सल्ला निरुपयोगी ठरतो. रंगाबाबतही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. म्हशीच्या दुधाचे लोणी पांढरे असते, कारण गाईच्या दुधात उतरणारे कॅरोटीन त्यात नसते. त्यामुळे शुभ्र आयसिंगसाठी बिनमिठाचे पांढरे लोणी सोयीचे पडते.

खरी मलई

दुधाची मलई फेटली की ती फुगते, याचे कारण तिच्यातील स्निग्धांशाचे बारीक कण. फेटताना ते अर्धवट एकमेकांना चिकटतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती जाळे विणतात. यासाठी मलईत किमान ३० टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असावा लागतो आणि ती फ्रीजइतकी थंड असावी लागते. बाजारात 'फ्रेश क्रीम' म्हणून मिळणाऱ्या पाकिटात साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो. ते भाजीत किंवा फळांत घालण्यास उत्तम. मात्र कितीही फेटले तरी त्याचा केकवर उभा राहील असा थर होत नाही. त्यासाठी 'व्हिपिंग क्रीम' असे स्पष्ट लिहिलेलेच पाकीट घ्यावे लागते. गरजेपेक्षा जास्त फेटले तर स्निग्धांशाचे कण पूर्ण एकत्र येतात, म्हणजेच लोणी निघते.

फेटलेल्या मलईत निम्म्याहून अधिक पाणी असते, साखर जेमतेम चवीपुरती आणि आम्लता जवळजवळ नाही. सर्व आयसिंगमध्ये हा सर्वात नाशिवंत प्रकार. तो ५ अंश किंवा त्याहून कमी तापमानात ठेवावा आणि दोन ते तीन दिवसांत संपवावा.

'नॉन डेअरी' म्हणजे काय?

शहरांतील अनेक दुकाने आणि घरगुती केक व्यावसायिक मात्र वेगळाच पदार्थ वापरतात. त्याला व्यवसायात 'व्हिप टॉपिंग' किंवा 'नॉन डेअरी क्रीम' म्हणतात. या पदार्थाचा इतिहास १९४५ पर्यंत मागे जातो. त्या वर्षी अमेरिकेतील बफेलो शहरात रॉबर्ट रिच यांनी सोयाबीनपासून फेटता येणारे टॉपिंग तयार केले. पुढे जगभर या वर्गातील उत्पादनांचा प्रसार झाला. सध्याच्या टॉपिंगमध्ये बहुधा पाम कर्नेल तेलाची प्रक्रिया केलेली चरबी, पाणी, साखर, स्थिरके आणि सोडियम कॅसिनेट हे घटक असतात. ते तिप्पट-चौपट फुगते, मलईपेक्षा उष्णतेत जास्त वेळ तग धरते आणि स्वस्त पडते. उष्ण प्रदेशात ते लोकप्रिय होण्यामागे हीच कारणे आहेत.

येथे ग्राहकांनी दोन बाबी नीट समजून घेणे आवश्यक आहे. पहिली म्हणजे 'नॉन डेअरी' याचा अर्थ 'दूधविरहित' असा नव्हे. सोडियम कॅसिनेट हे दुधातील केसीन या प्रथिनापासूनच बनते. ज्या मुलाला दुधाची ॲलर्जी आहे, त्याची प्रकृती या टॉपिंगमुळेही गंभीर होऊ शकते. ज्यांना केवळ दुधातील लॅक्टोज ही शर्करा पचत नाही, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना कॅसिनेटचा सहसा त्रास होत नाही. हे दोन्ही त्रास एकच समजण्याची चूक वारंवार होते. भारताच्या अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार दुधासारख्या ॲलर्जीकारक घटकाचा उल्लेख पाकिटावर करणे बंधनकारक आहे. सुट्या केकला पाकीट नसते, तेव्हा विक्रेत्याला विचारणे हाच मार्ग उरतो. पाकिटावरील हिरवे चिन्ह पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगते, तो दूधविरहित असल्याचे नव्हे.

दुसरी बाब आरोग्याची. अर्धवट हायड्रोजनेशन केलेल्या तेलांत ट्रान्स फॅट तयार होते आणि ते हृदयविकाराचा धोका वाढवते. भारतात तेल व चरबीतील ट्रान्स फॅटची मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के करण्यात आली. त्यामुळे जुन्या काळातील टॉपिंगच्या तुलनेत आजची स्थिती सुधारली आहे. तथापि संतृप्त चरबी त्यात भरपूर असते आणि दुधाच्या मलईतही ती असते. तेव्हा कोणताही प्रकार असो, प्रमाण बेतानेच हवे.

चीज, चक्का आणि गनाश

क्रीम चीजचे आयसिंग गाजराच्या किंवा लाल रंगाच्या 'रेड व्हेल्वेट' केकवर हमखास असते. क्रीम चीजमध्ये निम्म्याच्या आसपास पाणी असते. त्याची आंबट चव म्हणजे आम्लता काही जिवाणूंना आवर घालते. पण ती पुरेशी नाही. हे आयसिंग नेहमी फ्रीजमध्येच ठेवावे. क्रीम चीज महाग पडते म्हणून काही घरांत श्रीखंडासाठी बांधतो तसा चक्का पिठीसाखरेसह फेटून केकवर लावला जातो. चव उत्तम लागते. मात्र चक्का जितका कोरडा बांधावा तितका थर टिकतो, अन्यथा पाणी सुटते. तो अधिक आंबट होण्यापूर्वी, दोन दिवसांत संपवणे योग्य.

गनाश म्हणजे गरम मलईत विरघळवलेले चॉकलेट. यासाठी २५ टक्के स्निग्धांशाची मलईही चालते. चॉकलेट जास्त आणि मलई कमी असेल तर गनाश घट्ट व टिकाऊ होतो; मलईचे प्रमाण वाढले की तो पातळ आणि नाशिवंत होतो. थंड प्रदेशात तो दिवसभर बाहेर ठेवतात. येथील हवेत फ्रीजच बरा.

पूर्णा ते घरचा फ्रीज

आयसिंगचे हे घटक स्वयंपाकघरापर्यंत कसे पोहोचतात हे पाहिले तर साठवणुकीतील धोके स्पष्ट होतात. ठाण्याहून कशेळीचा खाडीपूल ओलांडून जुन्या आग्रा रस्त्याने भिवंडीकडे निघाले की काल्हेर, पूर्णा, राहनाळ ही गावे लागतात. एकेकाळी भातशेती असलेल्या या परिसरात आज गोदामांच्या रांगा आहेत. मुंबईच्या हद्दीबाहेर माल उतरवला तर जकात लगेच भरावी लागत नसे, हे येथे गोदामे वाढण्याचे एक मोठे कारण होते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर मुंबईची जकात संपली. तरीही महामार्गांची सोय आणि तुलनेने स्वस्त जागा यांमुळे पूर्णा आणि परिसराचे महत्त्व कमी झाले नाही. मुंबई आणि ठाण्याच्या दुकानांकडे जाणारा कितीतरी माल भिवंडीच्या या पट्ट्यातून जातो.

पत्र्याच्या साध्या गोदामात साखर, कोको, दूध भुकटी आणि कंडेन्स्ड मिल्कचे डबे राहू शकतात, कारण त्यांत मोकळे पाणी नसते किंवा ते बंद डब्यात निर्जंतुक अवस्थेत असतात. अतिउच्च तापमानावर प्रक्रिया केलेली मलईची खोकीही, लेबलवर तशी सूचना असेल तर, न उघडता काही महिने टिकतात. तथापि अशा छपराखाली उन्हाळ्यात उष्णता भरपूर वाढते आणि 'थंड व कोरड्या जागी ठेवावे' ही सूचना तेथे पाळली जातेच असे नाही. लोणी, क्रीम चीज आणि गोठवलेले टॉपिंग यांना मात्र शीतगोदाम आणि शीतवाहनच लागते. गोठवलेले टॉपिंग उणे १८ अंशांवर साठवावे लागते. ते फ्रीजच्या खालच्या कप्प्यात हळूहळू वितळवायचे असते आणि एकदा वितळले की पुन्हा गोठवायचे नसते. कारखान्यापासून दुकानापर्यंत ही साखळी एका ठिकाणी जरी तुटली, तरी पुढच्या फ्रीजमुळे झालेले नुकसान भरून येत नाही. ग्राहकाला याचा माग काढण्याची एक साधी खूण म्हणजे खोक्याचा आकार. फुगलेले, आत बर्फाचा खडा साचलेले किंवा हलवल्यावर पाणी वेगळे झाल्याचे जाणवणारे खोके घेऊ नये.

ठाणे-भिवंडी रस्त्यावरील वाहतूक कोंडी नित्याची आहे. अर्ध्या तासाचा प्रवास दीड तासाचा होतो, तेव्हा गाडीतील केकचेही तेच होते. म्हणूनच तयार केक नेताना प्रवासाचा वेळ साठवणुकीच्या वेळेतच मोजावा.

धोका नेमका कशाचा?

अन्नासाठी ५ ते ६० अंश सेल्सिअस हा तापमानाचा टप्पा धोक्याचा मानला जातो. नाशिवंत पदार्थ या टप्प्यात दोन तासांपेक्षा जास्त राहू नये आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासापेक्षा जास्त राहू नये, असा आंतरराष्ट्रीय स्तरावर दिला जाणारा सल्ला आहे. आपल्याकडे वर्षातील बराच काळ एक तासाचाच नियम लागू पडतो.

मलईच्या केकशी विशेष निगडित जिवाणू म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस. तो माणसाच्या नाकात, त्वचेवर आणि हाताच्या जखमेत असतो. केक सजवताना हाताचा स्पर्श होतोच. तेथून तो मलईत उतरतो आणि उबेत वाढून विष तयार करतो. हे विष उष्णतेनेही नष्ट होत नाही आणि पदार्थाचा वास किंवा चव बदलत नाही. त्यामुळे 'वास घेऊन पाहिला, चांगला होता' हा भरवसा फोल ठरतो. उलट्या, पोटात मुरडा, जुलाब ही लक्षणे साधारण अर्ध्या ते आठ तासांत दिसतात. लहान मुले, वृद्ध आणि गर्भवती यांना अन्नविषबाधेचा धोका अधिक. गर्भवतींना घातक ठरणारा लिस्टेरिया हा जिवाणू तर फ्रीजच्या थंडाव्यातही हळूहळू वाढतो. म्हणून फ्रीजमध्ये आहे म्हणजे कितीही दिवस चालेल, असे समजू नये.

घरी साठवताना

फ्रीजचे तापमान ४ अंशांच्या आसपास असावे. फ्रीजच्या दाराचे कप्पे सर्वात उबदार असतात. मलईचे उघडे खोके तेथे न ठेवता आतल्या बाजूला ठेवावे. स्निग्ध पदार्थ वास पटकन ओढून घेतात, त्यामुळे कांदा, लसूण किंवा मासळी यांच्या शेजारी आयसिंग उघडे ठेवू नये. हवाबंद डबा आवश्यक.

साध्या लोणी-साखरेचे आयसिंग फ्रीजमध्ये आठवडाभर आणि फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने राहते. वापरण्यापूर्वी रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून, मग बाहेर काढून पुन्हा फेटावे. क्रीम चीजचे आयसिंग चार-पाच दिवसांत संपवावे. गनाशही याच मुदतीत वापरावा. मलईचा केक दोन-तीन दिवसांपलीकडे ठेवू नये. टॉपिंगसाठी खोक्यावरील मुदत पाळावी; मात्र केकवर ताजी फळे किंवा फळांचा रस असेल तर कोणतीही मुदत कमीच धरावी.

वीज गेल्यास फ्रीजचे दार न उघडता आतील अन्न साधारण चार तास सुरक्षित राहते. भरलेला फ्रीझर त्याहून बराच जास्त वेळ थंडावा धरतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई आणि ठाणे परिसराचा वीजपुरवठा काही तास खंडित झाला होता, तेव्हा अनेकांना या हिशेबाची गरज पडली. चार तासांहून अधिक काळ वीज नसेल तर मलई, चीज आणि त्यांचे केक टाकून देणे शहाणपणाचे. लोणी आणि घट्ट साखरेचे आयसिंग बहुधा वाचते.

समारंभासाठी केक कापण्याच्या वेळेआधी जेमतेम अर्धा तास बाहेर काढावा. कापून झाल्यावर उरलेला भाग पाहुणे जाईपर्यंत टेबलावर न ठेवता लगेच डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावा. पंख्याखाली किंवा मेणबत्त्यांच्या उबेत तासन्‌तास राहिलेला केक दुसऱ्या दिवशी मुलांच्या डब्यात देऊ नये.

विकत घेताना

केक विकत घेताना तीन प्रश्न विचारावेत. वरचा थर दुधाच्या मलईचा आहे की टॉपिंगचा? केक कधी तयार केला? आणि तो किती तासांत किंवा दिवसांत संपवायचा? दुग्धजन्य नसलेल्या पदार्थाला मलई किंवा लोणी असे नाव देऊन विकण्यास अन्नसुरक्षा नियमांची मनाई आहे. घरगुती केक व्यवसायालाही अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी आवश्यक असते. त्यामुळे घरून केक मागवणाऱ्यांनी नोंदणी क्रमांकाची चौकशी करण्यात संकोच बाळगू नये. प्रामाणिक व्यावसायिकाला हे प्रश्न विचित्र वाटत नाहीत. ज्या घरात दुधाची ॲलर्जी असलेले मूल आहे, तेथे तर केकची ऑर्डर देण्यापूर्वी आयसिंगच्या खोक्यावरील घटकांच्या यादीचे छायाचित्र मागवून घ्यावे आणि त्यात कॅसिनेट हा शब्द शोधावा.